शिलाई मशीनशेजारची हार्ड डिस्क

डिलाईल रोडच्या आमच्या एका खोलीत माझा सेकंडहँड कॉम्प्युटर आईच्या शिलाई मशीनला ठोकलेल्या फळीवर होता. दुसरं टेबल ठेवणार कुठे, डोक्यावर? हार्ड डिस्क सारखी एरर द्यायची. मी केबल बदलली. क्लासमधल्या मित्राने व्हायरसला शिव्या घातल्या. कसला डोंबलाचा व्हायरस! एका दुपारी आई चहा टाकायला उठली आणि डिस्कची तपासणी सुरळीत पार पडली. ती परत बसली, पायडल हललं, फळी थरथरली, एरर हजर. मिलच्या संपात वडिलांची नोकरी गेल्यापासून घर त्याच मशीनवर चालत होतं. आईला थांब म्हणायची माझी काय टाप! समोरच्या मिलची चिमणीसुद्धा तोवर पाडून झाली होती, तरी वडील खाटेवरून रुबाबात म्हणाले, “मिल चालू झाली की तुला वेगळं टेबल घेऊ.”