कागद कोणता ते काकांना विचारा

आमच्या प्रिंट रूमच्या कोपऱ्यात पाठकोऱ्या कागदांचा ढीग असतो. एका बाजूला ऑफिसचं काहीतरी छापून वाया गेलेलं, दुसरी बाजू कोरी. टाकून द्यायला जीव होत नाही. किश्श्यांचंही तसंच आहे बघा. मुद्दाम कोणी जमवत नाही, नोकरी करता करता साठत जातात. मला चोवीस वर्षं झाली, म्हणजे ढीग चांगला मोठा आहे. ऐकायला माणूस तेवढा हवा.

न्हावा शेव्याला बंदराबाहेर आमचं कंटेनर यार्ड. ऑफिस दोन मजली. जिन्याखाली प्रिंट रूम आणि प्रिंट रूममध्ये मी, घरत, राहणार उरण. वर कागदपत्रं करणारी पंधरा-वीस माणसं. गेटपास जाड कार्डावर, कंटेनरची लेबलं स्टिकरवर, फाइलच्या कॉप्या पातळ पिवळ्या कागदावर. प्रत्येक कागदाला मशीनचं सेटिंग वेगळं. जाडाला उष्णता जास्त, पातळाला कमी. चुकलं की अक्षरं बोटाला लागायची, नाहीतर कागद आत अडकून त्याची चकली व्हायची. म्हणून जिन्यात पाटी होती, 'कागद कोणता ते काकांना विचारा.'

पाटीतले काका आधी मी नव्हतो. ते भोईरकाका, मी त्यांच्या हाताखाली.

*

भोईरकाका कागद डोळ्यांनी बघायचेच नाहीत. कानाजवळ धरून एकदा फडकवायचे आणि सांगून मोकळे. एकदा वरच्या लोकांनी पैज लावली. काकांच्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि एकेक कागद हातात दिला. लेटरहेड, स्टिकर, पिवळा, कार्ड, सगळे बरोबर. शेवटी कोणीतरी खोडसाळपणे कॅन्टीनच्या वड्याखालचा कागद दिला. काकांनी तोही फडकवला.

"वड्याचा हाय," ते म्हणाले. "त्याला सांगा, तेल बदल. चार दिवसांचं हाय."

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनवाल्याने खरंच तेल बदललं.

*

मुकादम मॅडम वरच्या मजल्यावर डॉक्युमेंटेशनला. मूळच्या मुरूडकडच्या. दिवसाला मोजून पाच वाक्यं बोलतात, त्यातली तीन फोनवर. भोईरकाका रिटायर होऊन काशीदला लेकाकडे गेले, त्या वर्षीची गोष्ट. दुपारी मॅडम खाली आल्या आणि पिशवीतून एक पत्र काढलं. वडिलांनी कुवेतहून लिहिलेलं, निळ्या कागदाचं, कांद्याच्या सालीइतकं पातळ. घडीवर विरलेलं. कॉपी हवी होती.

मशीनने ओढून घेतलं असतं तर पत्र गेलंच होतं. मी झाकण उघडलं, काचेवर हाताने हलकेच पसरलं, वर एक पांढरा कागद ठेवला आणि कॉपी काढली. मॅडम सगळा वेळ काचेवर नजर ठेवून उभ्या. पत्र परत घेताना विचारलं, "वाचलं नाहीत ना?"

"मॅडम, मी फक्त कागद बघतो. मजकूर हे वरच्या मजल्याचं खातं."

त्या हसल्या. त्यांना हसताना ऑफिसात त्याआधी कोणी पाहिलं असेल तर पुढे यावं.

*

मग नवं मशीन आलं. वाशीहून इंजिनिअर आला आणि फार आनंदाने सांगू लागला, की यात सेन्सर आहे, कागद कोणता ते मशीनच ओळखतं, सेटिंग स्वतःच लावतं. मेनूमध्ये 'ऑटो' चालू ठेवायचं, बस्स. काका, तुम्ही आता काहीच करायचं नाही!

मला हे इतक्या आनंदाने आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

जुलै महिना होता. खाडीची हवा, कागद सादळलेल्या पापडासारखा मऊ पडलेला. मशीनने साधा पांढरा कागद घेतला आणि जाड कार्ड समजून असा तापवला, की तो गुंडाळी होऊनच बाहेर आला. मी म्हटलं, साहेब, हे चुकलं. तो म्हणाला, सेन्सर चुकत नाही.

"मग कागद खोटं बोलत असेल," मी म्हटलं.

दोन तास मशीन खोलून बसला बिचारा. शेवटी मी माझ्या लोखंडी कपाटातून कागदाचा एक गठ्ठा काढून दिला. त्या कपाटात भोईरकाकांच्या वेळेपासून साठचा बल्ब रात्रंदिवस जळतो, कागद कोरडा राहावा म्हणून. मशीन मुकाट चालायला लागलं. इंजिनिअरने रिपोर्टात लिहिलं, 'सेन्सर उत्तम. कागद बल्बखाली ठेवावा.' जाताना ऑटो चालू-बंद करायचा पिन नंबर मला दिला. मी रजेवर असलो तर कोणीतरी हवं, म्हणून दुसरा मुकादम मॅडमना.

*

ती फजिती पहिल्या दिवसापुरती. त्यानंतर मशीन एकदाही चुकलं नाही, खोटं कशाला बोलू? ते माझ्या खिडकीबाहेर पॅसेजमध्ये लावलं आणि जिन्यातली पाटी काढली. पूर्वी माणूस आत यायचा, कोणता कागद ते सांगायचा, मी तो लावेपर्यंत स्टुलावर बसायचा. तेवढ्यात त्याच्या पोरीची दहावी, सासऱ्याचं ऑपरेशन, सगळं कळायचं. आता खिडकीतून नुसते हात दिसायचे. हात यायचे, कागद उचलायचे, जायचे. घड्याळावरून आणि अंगठ्यांवरून मी माणसं ओळखायला लागलो.

बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी पुण्याला, रविवारी फोन करते. घरी बोलायला भिंती. ऑफिसात ही रूम होती म्हणून दिवस निघत होते, आणि आता तीही गप्प झाली. एकटं वाटतं हे सांगायची लाज वाटते माणसाला, पण वाटायचं. एकदा संध्याकाळी हिशेब केला, तर सबंध दिवसात माझ्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला होता. तोही वॉचमनला, "येतो."

भोईरकाकांना फोन लावला. त्यांच्या लेकाच्या खोल्या आहेत टुरिस्टांसाठी. मी सगळं रडगाणं गायलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "माझ्याकडं शनिवारी वीस मानसं येतात. यक बोलत न्हाय, समदी मोबाईलात. तुजं मशीन निदान आवाज तरी करतंय."

*

आता माझा गुन्हा सांगतो. एका सोमवारी मी पिन घातला आणि ऑटो बंद केलं.

झालं! कोणी प्रिंट दिली, की मशीन थांबायचं आणि स्क्रीनवर विचारायचं, कागदाचा प्रकार निवडा. खाली चौदा नावं, सगळी इंग्रजी. कोणाला काय कळणार? खिडकीवर टकटक सुरू झाली. काका, हे काय विचारतंय? काका, जरा बघता का? मी कपाळाला आठ्या घालून बाहेर जायचो, विचार केल्यासारखं करायचो आणि बटण दाबायचो. "सेन्सर आहे, चालायचंच," असंही म्हणायचो. स्टुलावर परत माणसं बसायला लागली. मी घरून मोठा थर्मास आणला. आठवडाभर इतका बोललो, की रविवारी मुलीने विचारलं, बाबा, घसा बसलाय का?

*

पुढच्या बुधवारी सकाळी दहाला मी तोच थर्मास भरायला कॅन्टीनला गेलो. तिथे गप्पांत रमलो. तेवढ्यात वरून एका गाडीचा गेटपास छापायला सुटला. मशीन थांबलं, कागद कोणता विचारत बसलं, आणि सांगायला काका जागेवर नाहीत. गाडीची बंदरात शिरायची वेळ हुकली. पुढची वेळ दुपारी तीनची. ड्रायव्हर तोवर उन्हात.

तो माझ्या खिडकीशी आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, बाटली भरायला आला होता. मी थंड पाणी दिलं. त्याने हात वर करून दुवा दिली, "भला हो आपका, चाचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो वळला तसा मी पॅसेजमध्ये गेलो, पिन घातला आणि ऑटो चालू केलं. मागे मुकादम मॅडम कागद घ्यायला उभ्या होत्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागद उचलले आणि वर गेल्या. त्यांची पाच वाक्यं बहुधा संपली असावीत.

*

त्यानंतर दोन दिवस पुन्हा हातच हात. थर्मास मी घरी ठेवून आलो.

शनिवारी खिडकीवर टकटक झाली. मुकादम मॅडम. "घरतकाका, मशीन कागद विचारतंय," त्या म्हणाल्या.

म्हटलं, शक्यच नाही. बाहेर येऊन पाहिलं, तर ऑटो बंद. मी हात लावलेला नव्हता. पिन दोघांकडेच. मी मॅडमकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"गाड्यांचे पास अकरापर्यंत होऊन जातात," त्या म्हणाल्या. "नंतर कसलीच घाई नसते."

त्यांनी हातातला एक कागद पुढे केला. "हा कोणता, जरा बघाल?"

कोरा, पांढरा, रोजचा. त्याचे गठ्ठे दर महिन्याला त्यांच्याच सहीने येतात. मी तो कानाजवळ धरून एकदा फडकवला. मग अंगठ्याने चोळला. मग उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"अवघड दिसतोय, मॅडम," मी म्हटलं. "वेळ लागेल. बसा."

त्या स्टुलावर बसल्या.