माठातलं पाणी अन् माही सही

नवीन राज्य झालं अन् आमची पाणी तपासायची लॅब रायपूरात एका भाड्याच्या बंगल्यात उघडली. मी तिथला ज्युनिअर केमिस्ट. नवी नोकरी, नवं ओळखपत्र, अक्कल मात्र शून्य.

उरला भागातल्या एका पाऱ्यातून, म्हणजे वस्तीतून, एका काकूंचा अर्ज आला. बोरिंगच्या पाण्याले पेट्रोलचा वास येतो म्हणून. भिंतीपलीकडेच पेट्रोल पंप. त्याची जमिनीखालची टाकी गळून राहिली, हे शेंबडं पोट्टंही सांगेल. काकू विदर्भातल्या, नवरा रेल्वेत होता, वारला. सुनेले सातवा महिना. म्हणून त्या दूरच्या सरकारी नळावरून प्यायचं पाणी वाहून आणत.

मी गेलो त्या दिवशी लाइट नव्हती, मोटर चालेना. पण मराठी साहेब येणार म्हणून काकूंनी आदल्या दिवशीच बोरिंगचं पाणी गाळून माठात भरून ठेवलं होतं, वर वाळा टाकून. तपासणाऱ्याले चव तर पाहावी लागेल, अन् पाहुण्याले वासाचं पाणी द्यायचं कसं? "यातलंच घ्या की जी, बोरिंगचंच आहे," काकू म्हणाल्या. लाइट येईपर्यंत थांबायले पाहिजे होतं. जीप परत जायची घाई, नाही म्हणायची लाज. मी त्याच माठातून बाटली भरली अन् रिपोर्टवर सही ठोकली: वास नाही, पाणी पिण्यायोग्य.

आठ दिवसांनी स्कूटरचा प्लग साफ करताना हाताले लागलेलं पेट्रोल पाहता पाहता उडून गेलं अन् मले तो माठ आठवला. रात्रभर माठात राहिलेल्या पाण्यात काय उरणार होतं, कपाळ? एवढं न समजणाऱ्या गाढवाले सरकार केमिस्ट म्हणून पगार देत होतं.

मी परत गेलो. काकू घरी नव्हत्या. मोटर चालवून धारेतूनच बाटली काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं. निकाल वाईट आला. लॅबच्या साहेबांनी तो वाचला अन् कपाटात ठेवला. रिपोर्ट कलेक्टरकडे गेलाय, आता उलटं लिहिलं तर नवीन खात्याचं हसं होईल, असं त्यांनी हिंदीत समजावलं. मीही मान हलवली. त्या मानेची मले आजही शरम वाटते.

शेवटी रविवारी एकटाच काकूंकडे गेलो, तोंडी तरी सांगावं म्हणून. पंपवाल्यानं माह्या रिपोर्टच्या झेरॉक्स साऱ्या पाऱ्यात वाटल्या होत्या. काकूंची प्रत देवाच्या फोटोमागे, प्लास्टिकमध्ये.

"काकू, हे पाणी पिऊ नका," मी म्हणालो.

त्यांनी फोटोमागची प्रत काढून माह्यापुढे धरली. "तेव्हा खोटं बोलले, का आता बोलून राहिले?"

तेवढ्यात सून पोट सांभाळत तांब्या घेऊन आली. वास दारातूनच आला. या वेळी सरळ बोरिंगचं होतं.

"वास येतोच जी," काकू म्हणाल्या, "पण तुम्ही लिहून दिलं, तेव्हापासून नळावर जाणं बंद केलं."