चौदावा प्रश्न

दुपारची जेवणं झाली, की त्या घरातली बस सुटायची. ड्रायव्हरसाहेब खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, हवेतच स्टिअरिंग धरायचे, आणि पडद्यातून आलेलं ऊन फरशीवरून सरकायला लागलं की त्यांना वाटायचं, रस्ता मागे पडतोय. मागच्या स्टुलावर त्यांची बायको हातशिलाई घेऊन बसायची. बसमध्ये ती एकटीच प्रवासी. तीस वर्षं सात नंबरची बस चालवलेला हा माणूस आता स्वतःच्या घरात मोरी शोधत फिरायचा, पण वाटेतला एकही गतिरोधक विसरला नव्हता. गतिरोधक आला की तीही स्टुलावर जराशी उचलली जायची. न उचलून करते काय!

ती इस्पितळातल्या डॉक्टरांचे कोट शिवायची, म्हणून तिथे तिला सगळे शिवणताई म्हणत. माणसांवर नवं औषध किंवा यंत्र वापरून बघायचं असेल, तर आधी इस्पितळाच्या नीतिसमितीची परवानगी लागते. त्या समितीत एक तरी माणूस असा हवा, जो डॉक्टरही नाही आणि वकीलही नाही, असा नियम. समितीचे अध्यक्ष डोळ्यांचे निवृत्त डॉक्टर. ड्रायव्हरसाहेब अजून नोकरीत होते, तेव्हा ते एकदा कोटाची बाही आखूड करून घ्यायला आले आणि तिथल्या तिथे तिला विचारून बसले.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली.

"म्हणूनच तर!" ते म्हणाले.

तिची काम करायची रीत साधी होती. रुग्णाची सही घ्यायचा कागद ती संध्याकाळी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची. तो जिथे "काय?" म्हणेल, तिथे शिवणाच्या खडूने रेघ. समितीत जाऊन ती सांगायची, इथे इथे कळत नाही, बदला. मोठमोठे डॉक्टर त्या रेघा बघून कपाळाला हात लावायचे आणि बदलायचे. पुढे तिला या विषयाची गोडीच लागली. बावन्नाव्या वर्षी तिने विद्यापीठात घरबसल्या करायच्या शिक्षणक्रमाला नाव घातलं: विज्ञान, नीती आणि लोकधोरण. जाडजूड पुस्तकांना अस्तराच्या कापडाची कव्हरं शिवली. नणंद पोट धरून हसली. "वहिनी, नीती शिकायचं हे काय वय? बिघडायचं वय तर कधीच गेलं!"

त्याच दिवसांत इन्सुलिनच्या एका पंपाचे कागद आले. साखरेच्या रुग्णांना तो दोन वर्षं मिळणार होता. ती वाचत होती आणि ड्रायव्हरसाहेब बूट पुसत होते.

"आणि दोन वर्षांनी?" त्यांनी विचारलं.

"ते नाही लिहिलेलं."

"असं कसं? शेवटच्या स्टॉपला कुणी बाई एकटी उतरली, तर मी विचारतो, उतरल्यावर पुढे कशा जाणार? न्यायला कुणी येईपर्यंत बस हलवत नाही मी."

हे तिने समितीत जसंच्या तसं मांडलं. मग त्यावर प्रबंध लिहिला, तीन वर्षं सगळ्यांचं डोकं खाल्लं, आणि शेवटी इस्पितळाच्या छापील अर्जात चौदावा प्रश्न आला: अभ्यास संपल्यावर या माणसाचं पुढे काय? उत्तर कोरं असेल, तर अर्ज परत. समितीत त्याला ताईंचा प्रश्न म्हणत. तो खरं तर ड्रायव्हरसाहेबांचा होता. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटायची.

दहा वर्षं गेली. आता ते कशालाही "काय?" म्हणायला लागले होते. त्यांच्या बोलण्यावरून कागदावर रेघ मारायची सोय उरली नव्हती.

मग ते यंत्र आलं. कानामागे बसवायचं, नखाएवढं. हरवत चाललेली आठवण त्याने काही काळ टिकते, असं बनवणारे म्हणत होते. डॉक्टरांनी संभाव्य रुग्णांत ड्रायव्हरसाहेबांचं नाव घातलं. स्मरणाच्या चाचणीत दहा गुण तरी हवेत, अशी अट होती. त्यांना बारा होते, आणि महिन्याला एक जात होता.

समितीसाठी कागद घरी आले, तेव्हा तिने आधी चौदावा प्रश्न काढला. पुढे दोनच शब्द होते: लागू नाही. म्हणजे उत्तर कोरंच.

"वहिनी, एवढी वर्षं त्या समितीत बसलीस," नणंद म्हणाली. "माझ्या दादासाठी एक शब्द टाक की."

"घरचं माणूस यादीत असलं की बाहेर बसायचं. नियम आहे."

"कुणी केला हा नियम?"

त्या नियमाच्या मसुद्यावरही तिच्याच खडूच्या रेघा होत्या.

बैठकीत तिने नवऱ्याचं नाव सांगितलं आणि ती उठून बाहेर बाकावर येऊन बसली. चौदाव्या प्रश्नाबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही. लांबलचक व्हरांडा, शेवटच्या खिडकीतून आलेलं ऊन, पुसलेल्या फरशीचा वास. तिला वाटलं, हाही सात नंबरचाच रस्ता आहे, आणि आपण पाण्याखालून चाललोय. दाराच्या काचेतून आतली माणसं आवाजाविना बोलताना दिसत होती. त्या दोन शब्दांकडे कुणाचं लक्ष जाऊ नये, एवढंच ती देवाकडे मागत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला असं काही मागावंसं वाटलं होतं. आत वकीलबाईंनी, ज्यांना तिनेच हे अर्ज वाचायला शिकवले होते, पान उलटलं, परत मागे आणलं, आणि चष्मा काढला.

अध्यक्ष स्वतः बाहेर आले. बाकावर तिच्या शेजारी बसले.

"ताई, परत पाठवावा लागला."

"किती दिवस?"

"यंत्र बनवणाऱ्यांचं लेखी उत्तर यायला चार महिने तरी." ते म्हणाले. "डोळेझाक करता आली असती."

"नाही हो," ती म्हणाली, आणि मग तिला रडू कोसळलं.

घरी नणंद दारातच उभी होती; फोनवर तिला सगळं कळलं होतं. "कुणी काढलं ते चौदाव्या प्रश्नाचं लचांड?"

"मीच," ती म्हणाली. "दहा वर्षांपूर्वी."

आत बस चालू होती. ऊन खुर्चीच्या पायाशी पोचलं होतं. पिशवी खाली ठेवून ती स्टुलावर बसली. दोन गतिरोधक गेले, एक वळण गेलं. मग ड्रायव्हरसाहेबांनी ब्रेक दाबला आणि मागे वळून तिच्याकडे पाहिलं. अनोळखी बाईकडे बघावं, तसं अदबीनं.

"शेवटचा स्टॉप, ताई. उतरल्यावर पुढे कशा जाणार?"

तिने डोळे पुसले. "यजमान येतील न्यायला."

"बरं," ते म्हणाले, आणि इंजिन बंद केलं. "ते येईपर्यंत थांबतो मी."