खेळाच्या बाईंची खुर्ची

"बाई, उठा! अहो, उठा! निदान माझ्या समाधानासाठी एकदा तरी उठा!"

हेडसर पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून ओरडत होते. आता हेडसरांचा आवाज म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? मुलुंडच्या आमच्या शाळेत त्यांनी 'गप्प बसा' म्हटलं की नाहूरच्या शाळेतली मुलं गप्प बसायची. ट्रॉम्बेला अणू फोडायला एवढी यंत्रं कशाला लागतात, आमचे हेडसर नेऊन उभे करा, असं मी नेहमी म्हणायचो. अर्थात, ते लांब असताना.

खाली मैदानात, एप्रिलच्या उन्हात, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत खेळाच्या बाई बसल्या होत्या. अंगात मरून स्वेटर, कानांना रुमाल. समोर नववीच्या मुली खो-खो खेळत होत्या. बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. फक्त एक बोट वर केलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "खो मिळाला नाही अजून, सर."

खो-खोचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी बसलेल्या असतात. मागून खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. उठलात तर फाऊल. बाईंच्या मते हा जगातला सर्वांत शहाणा खेळ होता, कारण तो मुख्यत्वे बसून खेळतात.

मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचो. म्हणजे मुलांना दोन डोंगर, एक सूर्य आणि एक नदी काढायला सांगून खिडकीतून मैदान बघायचो. तेव्हा बाईंबद्दल माझ्याइतक्या अधिकाराने दुसरं कुणी बोलू शकणार नाही. थोडं वाढवून सांगेन, पण खोटं सांगणार नाही.

बाई बसूनच जन्माला आल्या होत्या असं समजू नका. एके काळी त्या राज्यपातळीवर खेळलेल्या. पहाटे आरे कॉलनीत पळायच्या, तेव्हा बिबटे आपल्या पिल्लांना रस्त्याकडेला बसवून दाखवायचे, 'बघा, असं पळायचं असतं.' शाळेत लागल्या तेव्हा उशिरा येणाऱ्या पोरांना पकडायला त्या फाटकावर उभ्या राहत. पोरं दुसऱ्या फाटकाकडे धावत, तर बाई तिथे आधीच पोचलेल्या.

मग एका वर्षी त्यांचं काहीतरी बिनसलं. वजन वाढलं, केस गळायला लागले, आवाज बसला तो बसलाच. चालताना पाय चिखलातून काढल्यासारखे काढायच्या. आणि एका सकाळी प्रार्थनेला त्यांनी सगळ्या शाळेला 'विश्राम' दिला आणि पुढचा शब्दच त्यांना आठवेना. सहाशे मुलं पाय फाकवून, हात मागे बांधून उभी. पाच मिनिटं झाली. दहा झाली. शेवटी बाई माझ्याकडे झुकून कुजबुजल्या, "सर, विश्रामच्या नंतर काय असतं हो?"

मी म्हटलं, "सुट्टी."

माईक चालू होता. अर्धी शाळा फाटकाबाहेर गेल्यावर आमच्या लक्षात आलं.

स्टाफरूममध्ये लगेच निदान सुरू झालं. कुणी म्हणालं रक्त कमी आहे, कुणी म्हणालं दृष्ट लागली. गणिताचे सर म्हणाले, "आळस." गणिताच्या सरांकडे कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर असायचं. शेवटी बाईंनी स्टेशनजवळच्या डॉक्टरांना दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन जाहीर केलं, "थायरॉईड आहे. गळ्यात एक ग्रंथी असते. ती मस्टरवर सही करते आणि काम काही करत नाही."

सगळ्यांनी गणिताच्या सरांकडे पाहिलं.

पहाटे रिकाम्या पोटी गोळी आणि त्यानंतर तासभर चहा नाही, असं बाईंचं सुरू झालं. शाळा सातची. म्हणजे बाई यायच्या त्या बिनचहाच्या. पहिल्या तासाला त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण शाळेत तेवढा एकच नियम सगळे पाळत.

सहा महिन्यांनी त्या पुन्हा रक्त तपासून आल्या. हेडसरांनी विचारलं, "काय म्हणतो रिपोर्ट?"

"रिपोर्ट नॉर्मल आलाय, सर. मीच तेवढी नॉर्मल आले नाही."

गोळीने आकडे जागेवर आले, पण थकवा पागडीच्या भाडेकरूसारखा हटायला तयार नव्हता. काहींच्या बाबतीत होतं असं, जपून राहा, असं डॉक्टर म्हणाले. हे हेडसरांना पटेना. आजार म्हणजे ताप, नाहीतर प्लास्टर. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस खुर्चीत, हा हिशेब त्यांच्या डोक्यात बसेना. म्हणून ते रोज कठड्यावरून ओरडायचे.

बाईंनी मात्र आपली व्यवस्था लावली होती. मस्टर पहिल्या मजल्यावर, स्टाफरूम दुसऱ्या मजल्यावर. सकाळी फाटकातून येताना त्या गुडघ्यांना चाचपायच्या आणि मला सांगायच्या, "आज दोन जिने आहेत माझ्याकडे." किंवा, "आज एकच. मस्टरला वापरते." ज्या दिवशी एकही नसे त्या दिवशी त्या काहीच बोलत नसत. मग मी रंगपेटी खाली विसरलो म्हणून खाली यायचो, येताना सहीला मस्टर आणायचो. पुन्हा विसरायचो, त्यांचा डबा आणायचो.

एकदा म्हणाल्या, "सर, तुम्ही दिवसातून चार वेळा रंगपेटी विसरता. दाखवा कुणाला तरी. थायरॉईड असेल."

आणि खुर्चीत बसून त्यांनी जी टीम तयार केली, ती काय सांगू! आवाज नव्हता, म्हणून बोटांची भाषा काढली. करंगळी म्हणजे खांबाकडे, अंगठा म्हणजे हूल दे, मूठ म्हणजे थांब. "एक पाऊल फुकट टाकायचं नाही गं," असं त्या मुलींना बजावायच्या. "पाऊल म्हणजे काय फुकट मिळतं काय?" त्या मुली इतक्या काटकसरीने पळायच्या की समोरची टीम दमून आपण होऊन बाद व्हायची. आंतरशालेय करंडक लागोपाठ तीन वर्षं आमच्याकडे. कपाट भरलं तेव्हा एक करंडक हेडसरांनी छत्र्या ठेवायला घेतला.

पण एके दिवशी सहावीच्या पीटीच्या तासाला बाईंना शिट्टी तोंडात असतानाच झोप लागली. श्वास सुटला की शिट्टी बारीक वाजायची, 'पीईई'. मुलींना वाटलं, इशारा आहे. प्रत्येक 'पीईई'ला त्या हात वर करायच्या, पुढच्या 'पीईई'ला खाली. संथ, एका तालात, अख्खा तास. मी त्या शाळेत पाहिलेली ती सर्वांत शिस्तबद्ध कवायत होती. फाटकाबाहेरच्या एका पालकाने मोबाईलवर तिचं शूटिंग केलं. दुपारपर्यंत ते पालकांच्या ग्रुपवर फिरलं आणि संध्याकाळी संस्थेच्या विश्वस्तांपर्यंत पोचलं.

आठ दिवसांत पत्र आलं. शनिवारी विश्वस्त स्वतः येणार. बाईंनी त्यांच्यासमोर पूर्ण तास उभं राहून घ्यायचा. जमलं नाही तर मैदान एका कराटेच्या क्लासला आणि बाई लायब्ररीत.

आमची लायब्ररी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं एक कपाट.

"वाट लागली," बाई पत्र वाचून म्हणाल्या. "रोजचे तीन जिने आणायचे कुठून?" मग मैदानाकडे बघून म्हणाल्या, "जिन्यांचं जाऊ द्या, सर. मैदान गेलं ना, तर मी नुसती आजारी बाई उरेन."

हेडसर घायकुतीला आले. "बाई, पस्तीस मिनिटं! फक्त पस्तीस मिनिटं उभ्या राहा! मी मागे उभा राहून धरू का तुम्हाला?"

"नको, सर. पालक त्याचंही शूटिंग करतील."

शनिवारी विश्वस्त आले. पांढरा सफारी, पांढरे बूट, साठी उलटलेली. मैदानात येऊन खुर्चीत बसलेल्या बाईंकडे त्यांनी असं पाहिलं, जसं वर्गात झोपलेल्या पोराकडे बघतात. "खेळाच्या बाई बसून? आमच्या वेळी असं नव्हतं. मी स्वतः खो-खो खेळायचो. सात-सात मिनिटं हाताला लागायचो नाही कुणाच्या."

बाईंचे डोळे लकाकले. मी खिडकीतून पाहिलं, दोन मजल्यांवरून.

"सात मिनिटं?" बाई म्हणाल्या. "अगं मुलींनो, ऐकलंत का? सर, एक मिनिट पळून दाखवता? पोरींना कधी बघायला मिळणार असा खेळ?"

आता एवढ्या मुली टाळ्या वाजवायला लागल्यावर कुठला पुरुष नाही म्हणेल? विश्वस्तांनी बूट काढले. मुली रांगेत बसल्या. बाईंनी खुर्चीतूनच करंगळी हलवली, मग अंगठा.

ते एकंदर नऊ सेकंद पळाले. त्यातले चार उलट्या दिशेने. पाचव्या सेकंदाला अंगठा दिसला, सातव्याला मूठ, आणि नवव्याला सर्वांत बारक्या मुलीने त्यांच्या सफारीला अलगद बोट लावलं. विश्वस्त खांबाला धरून उभे राहिले. चेहरा असा लाल की मला पॅलेट घेऊन खाली जावंसं वाटलं. "पाणी," म्हणाले. "बसायला… बसायला काही…"

अख्ख्या मैदानात बसायला एकच वस्तू होती.

बाई उठल्या. खुर्ची त्यांना दिली. आणि तास अजून तीस मिनिटं बाकी होता.

विश्वस्त पाणी पीत खुर्चीत बसून राहिले आणि बाई उभ्या राहिल्या. एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने बोटं नाचवत त्यांनी तास घेतला, आणि काय घेतला! मी रंगपेटी विसरून खाली गेलो. लांबून वाटत होतं, बाई ऐटीत खांबाला रेलल्यात. जवळ गेलो तर खांब धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती. तोंडातून शब्द नव्हता. मुलींना शब्द लागत नव्हताच. घंटा झाली तशी विश्वस्त उठले, "वा, वा," म्हणाले आणि गेले. बाई खुर्चीत बसल्या नाहीत, खुर्चीत पडल्या.

सोमवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. बुधवारी हेडसर मला म्हणाले, "चला, बघून येऊ. तुम्हाला नाहीतरी काम नसतं."

नाहूरला बाईंचं घर. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई कॉटवर आडव्या. केसांची वेणी अर्धीच घातलेली, पुढचे केस तसेच मोकळे, कंगवा उशाशी. "सकाळी घालायला घेतली," म्हणाल्या, "पण हात वर राहत नाहीत हो. अर्ध्यावर सोडली. वाईट दिसतं का?"

हेडसरांनी तोंड उघडलं. मी सवयीने कानांकडे हात नेले. पण ते जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "पडून राहा, बाई. उठू नका."

"सर, मैदान गेलं का?"

"नाही," हेडसर म्हणाले.

हे खोटं नव्हतं. पण त्यांच्या खिशात संस्थेचं पत्र होतं, ते खाली रस्त्यावर आल्यावर त्यांनी मला दाखवलं. 'बाई संपूर्ण वेळ उभ्या असल्याचे मी समक्ष पाहिले. त्यांची प्रकृती उत्तम आहे. मैदान त्यांच्याकडेच राहू द्यावे. सबब मैदानावरील खुर्ची अनावश्यक असून ती तात्काळ हटवावी.'

"म्हणजे उभ्या राहिल्या म्हणून खुर्ची गेली," मी म्हटलं. "आणि खुर्ची गेली की महिन्याभरात मैदान."

स्टेशनपर्यंत चालताना एका रिक्षावाल्याने हेडसरांच्या पायावर चाक घातलं, तरी ते ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्रीडा साहित्याचं रजिस्टर मागवलं आणि दार लावून घेतलं. मग मला बोलावून म्हणाले, "सर, ऑइलपेंट आहे का? पांढरा?" त्या शाळेत माझ्या कलेची कुणाला गरज पडली, ती त्या एकाच दिवशी. मी लाल खुर्चीच्या पाठीवर सुवाच्य अक्षरांत लिहिलं : 'खो-खो साहित्य. हलवू नये.' रजिस्टरमध्ये हेडसरांच्या अक्षरात नोंद होतीच. खांब दोन, चुन्याची गोणी एक, खुर्ची एक.

शुक्रवारी विश्वस्त पुन्हा आले, पत्राची अंमलबजावणी बघायला. बाई अजून घरीच होत्या. मुली आपल्याआपण सराव करत होत्या आणि रिकामी खुर्ची खांबाजवळ तिच्या जागी होती. विश्वस्तांनी पाठीवरची अक्षरं वाचली. रजिस्टर मागवलं, तेही वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

"हेडसर, मी आयुष्यभर खो-खो खेळलोय. मला शिकवू नका. खो-खोमध्ये खुर्ची कशाला लागते?"

मी दोन पावलं मागे सरकलो. मुली थांबल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका आजींनी खिडकी लावून घेतली.

हेडसर म्हणाले, "बसायला."