साकवाला श्रद्धांजली

आमच्या आमदारमामांच्या श्रद्धांजलीशिवाय वर गेलेला माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही. मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. आमदार झाले ते अगदी अलीकडे. त्याआधी वर्षानुवर्षं त्यांनी एकच काम निष्ठेनं केलं, ते म्हणजे कुणाच्याही दहाव्याला नदीकाठी उभं राहून चार शब्द बोलणं. टाकव्याच्या पिंडाला कावळा शिवतो न शिवतो तोच मामा कामशेतच्या दहाव्याला हजर. टोपी काढायची, मान खाली घालायची आणि घोगऱ्या आवाजात गेलेल्याला मनमिळाऊ म्हणायचं. साऱ्या गावाशी उभा दावा असलेल्या एका आबांनाही ते मनमिळाऊ म्हणाले, तेव्हा आबांची बायकोच मागून म्हणाली, "भाऊ, तुमी चुकून दुसऱ्याच्या दहाव्याला आलाय व्हय?"

मी लोणावळ्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. "तू लिही, मी बोलतो. दोघांत मिळून एक पुरा आमदार हुतो," असं म्हणून मामांनी मला त्यांच्या कार्यालयात बसवलं.

आमच्या वाडीच्या ओढ्यावरचा साकव, म्हणजे पायी ये-जा करायचा लहानसा पूल, गेल्या पावसाळ्यात वाहून गेला. आई पलीकडच्या अंगणवाडीत शिकवते. चपला हातात घेऊन, पाण्यात पायानं तळ चाचपत ती जायची, आणि ती पलीकडे पोहोचेपर्यंत मी काठावर जीव मुठीत धरून उभी. पुढच्या पावसाआधी साकव हवा, हेच मामांचं सभागृहातलं पहिलं मागणं. मुद्दे मी लिहून दिले होते. भाषण आम्ही कार्यालयात फोनवर बघत होतो.

मामा उभे राहिले. समोर पांढऱ्या कपड्यांतली एवढी माणसं गप्प बसलेली पाहून त्यांचा हात सवयीनं टोपीकडे गेला. टोपी निघाली, मान खाली गेली.

"आमचा साकव लय मनमिळाऊ हुता. गुरं जाऊ द्यात, लेकरं जाऊ द्यात, वऱ्हाड जाऊ द्यात, कुणाला कधी न्हाई म्हणला न्हाई. त्याच्या जाण्यानं जी पोकळी झाली..." सभागृहात हशा पिकला. मामा थांबले. "...त्या पोकळीतनं माझी ताई रोज चपला हातात घिऊन जाती."

मग कुणी हसलं नाही. मंत्र्यांनी तिथल्या तिथं शब्द दिला. त्या शब्दामागं मामांनी मंत्रालयात इतक्या खेपा घातल्या, की दारावरचा शिपाई त्यांना चहाला थांबवू लागला.

पावसाच्या तोंडावर साकव उभा राहिला. उद्घाटनाला सारी वाडी जमली, मामांच्या पुढ्यात माईक आला, आणि मामांनी तो माझ्या हातात दिला.

"पोरी, जाणाऱ्यावर बोलाया येतं मला," ते माझ्या कानाशी म्हणाले. "येणाऱ्याचं काय बोलायचं, ते कुणी शिकवलंच न्हाई. तू बोल."

समोर आई साकवाशी आली, वाकली, आणि सवयीनं तिनं चपला हातात घेतल्या.

"आई, चपला घाल," मी म्हणाले. माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषण तेवढंच. लोक पोट धरून हसले. मामांनी टोपी काढली, पण या वेळी डोळे पुसायला.

आता मामा बहुतेक मुंबईतच असतात. इकडे माणसं त्यांच्या चार शब्दांवाचून जातात आणि दहाव्याला जमलेल्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. आई मात्र अजूनही साकवाशी आली की वाकते, मग काहीतरी आठवून तशीच सरळ होते आणि चालू लागते. मी काठावर थांबत नाही.