धाकट्याची वाटी

बाबांचा ताप उतरेना, तेव्हा त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, भेटायला आली. उशाशी बसून तिनं दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. भावाची पीडा तिनं इतक्या सहज स्वतःकडे घेतली.

मला एक मंगोल राजपुत्र आठवला. त्याचा थोरला भाऊ, खान, मरणाला टेकला होता. मांत्रिकांनी खानाचं दुखणं वाटीभर पाण्यात उतरवलं आणि ते पाणी या धाकट्यानं पिऊन टाकलं. शहरंच्या शहरं बेचिराख करणारा माणूस तो. इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, तरी त्याच्या लढाया मला धड सांगता येणार नाहीत. वाटी मात्र विसरत नाही.

चहा घेताना मी आत्याला हे सांगितलं. तो त्यातच गेला, हेही सांगितलं. खरं तर दारूनं गेला असावा, वाटीची गोष्ट मागाहून रचली असेल, असंही वर जोडलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

आत्यानं बशी खाली ठेवली.

"भाऊ उठला का त्याचा?"

"उठला."

"मग झालं तर," म्हणत ती बाबांच्या कपाळावरची ओली घडी बदलायला गेली.