बदलीचा बिल्ला

डहाणूला तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज भरून देतो. २०१७च्या उन्हाळ्यात सायवनची बायजी समोर बसली आणि पदराची गाठ सोडून तिनं पितळी बिल्ला टेबलावर ठेवला. नंबर ४१२.

"बापाचा, हिरूचा. मुंबयच्या गिरणीत साच्यावर कापड विणायचा, संप होईस्तो. गिरणीत राबलेल्यांच्या वारसांना सरकार घर देतं ना, नितीनभाऊ?"

बायजी विधवा, मूलबाळ नाही. सव्वीस वर्षं दिराच्या पडवीत पडून होती. जाऊ उठता-बसता ऐकवायची आणि हिला जायला दुसरा उंबरा नव्हता.

मी ओळखीनं गिरणीची जुनी यादी मिळवली. ४१२समोर नाव होतं तुक्या लडक्या.

"यादी खोटी," बायजी म्हणाली.

खोटी कसली! तिच्या माहेरच्या पाड्यावर विचारल्यावर कळलं, तुक्या तिथलाच, गिरणीत कायम कामगार. बाप वारल्यावर तो शेती बघायला गावी परतला, पण नोकरी सोडवेना. मग आपल्या जागी त्यानं हिरूला बदली म्हणून उभं केलं. जॉबरला, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाला, सगळं ठाऊक होतं, साचा चालू राहिला की त्याचं भागत होतं. तेरा वर्षं हिरू हजेरीला तुक्याच्या नावानं ओ देत राहिला. कापसाची धूळ मात्र त्याच्याच छातीत गेली, त्यातच तो संपला.

आम्ही तुक्याकाकाकडे गेलो. चार शब्द सुनवायचे असं मी ठरवूनच गेलो होतो. पण बायजीला बघताच ते एकटं म्हातारं रडायलाच लागलं.

"पोरी, घर तुझाच. पण कागदावर हिरू कुठंच नाय. मला पोर नाय, मी घर घेऊन काय करू? माझी मुलगी म्हणून लिव, मी अंगठा देतो."

बायजी तीन दिवस फिरकली नाही. अर्जाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी आली.

"दुसऱ्याला बाप म्हटलं म्हणून आयनं माझं तोंड फोडलं असतं. पण मी काय पडवीतच मरू?"

वडिलांच्या रकान्यात मी तुक्याचं नाव लिहिलं. खोटं लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, याची मला आज लाज वाटते. अंगठा उठवताना बायजी पुटपुटली, "बा, रागवू नको."

२०१९ उजाडलं. घरांच्या सोडतीत तिचं नाव लागलं नाही. तुक्याकाका गेला, तेव्हा कागदावरची लेक म्हणून पाड्यानं दिवसकार्याला तिलाच पुढं बसवलं. तिथून ती थेट माझ्या टेबलाशी आली. बिल्ला मुठीत होता.

"नितीनभाऊ, घर राहू दे. माझा बाप तेवढा परत लिवून दे."